शियाच्या लोण्याची डबी

आमच्या हमरस्त्यावरच्या जंक्शनवर मला सगळे डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही. माझं औषधांचं दुकान आहे. तापाच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, मलमं, पट्ट्या, एवढंच विकायचा परवाना आहे. पण ज्याच्या हातात गोळी तो डॉक्टर, अशी इथली रीत, आणि वीस वर्षं लोक डॉक्टर म्हणत राहिले की आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं. माझं नाव एफुआ क्वान्सिमा. ते आधीच सांगून टाकते. ही गोष्ट अराबाची असली तरी तिच्यात मला लपायला आता जागा उरलेली नाही.

अराबा मेन्सिमा केंके करायची. घानाच्या राजधानीहून, अक्राहून, केप कोस्टला जाणाऱ्या गाड्या आमच्या यामोरान्साला थांबतात त्या केंकेसाठीच. मका भिजवायचा, दळायचा, आंबवायचा, अर्धा शिजवून पुन्हा मळायचा, केळीच्या वाळक्या पानांत बांधून मोठ्या हंड्यात उकडायचा. करतात सगळ्याच, पण अराबाचा गोळा पान सोडलं तरी हाताला चिकटत नसे. ड्रायव्हर लोक खिडकीतून ओरडून विचारायचे, "अराबाचं आहे का? नसलं तर पुढे जातो." खिडकीशी धावायच्या त्या मात्र तिच्या हाताखालच्या पोरी. ती स्वतः कधी रस्त्यावर आली नाही. मागे छपरात, हंड्याच्या वाफेत बसून राहायची.

कारण तिचा चेहरा. आम्ही एका वर्गात होतो तेव्हापासूनची मुरुमं. पंचविशीला मुरुमं गेली, पण जाताना दोन्ही गालांवर खड्डे ठेवून गेली, आणि प्रत्येक खड्ड्याभोवती काळा डाग. आमच्याकडे मिरची-टोमॅटो वाटायला मातीचं पसरट भांडं असतं, आतून खरबरीत रेघांचं. त्याला असांका म्हणतात. शाळेत कुणीतरी तिला असांका म्हटलं आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. चाळिशीच्या बाईला गाडीचा क्लीनर पोरगा हाक मारायचा, "ए असांका, मिरची गालावरच वाटतेस की काय?"

"ये ना," ती आतूनच म्हणायची. "तुझी जीभ घाल, तीही वाटून देते."

सगळे हसायचे, तीही हसायची. मग ती माझ्या दुकानात यायची आणि मागच्या बाकावर गप्प बसून राहायची. ते लोकांना दिसत नसे, मला दिसायचं.

देवानं तिला दिला होता तो गळा. आमच्या मेथडिस्ट चॅपलमध्ये जुनी पद्धत आहे. ओसोफो, म्हणजे आमचे पाद्री, प्रवचन देत असतात आणि मध्येच बायकांतली एखादी बसल्या जागेवरून आमच्या फान्ती बोलीत गाणं उचलते. पुस्तकातलं नव्हे. त्या दिवशीच्या प्रवचनातलंच काहीतरी धरून, तिथल्या तिथे रचलेलं. ओसोफो बोलायचे थांबतात, बाकीच्या बायका मागे सूर धरतात, आणि गाणं संपलं की प्रवचन पुढे चालू. आमच्याकडे गाणं उचलायची ती अराबा. चौथ्या खांबामागे बसून. पाहुण्या ओसोफोंना आवाज कुठून आला ते कळायचं नाही, ते छताकडे बघायचे. अराबानं उचललेलं ऐकताना मी पुष्कळदा रडले आहे, आणि मी उठसूट रडणारी बाई नव्हे.

आता माझ्या डबीबद्दल.

दहा वर्षांपूर्वी ती मला म्हणाली, "डॉक्टर, ह्या डागांवर दे की काहीतरी." मी दिलं. तीन नळ्या पिळून एकत्र केल्या. एक खाज-पुरळाची कडक, एक कातडी उजळायची, एक अशीच वासाची. वर शियाच्या बियांचं लोणी घालून घोटलं. महिन्याभरात तिचा चेहरा उजळला. बायकांनी विचारलं, काय लावतेस? ती म्हणाली, शियाचं लोणी, डॉक्टरचं. तेव्हापासून चॅपलच्या अर्ध्या बायका माझ्याकडून शियाचं लोणी नेऊ लागल्या. आत काय आहे ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्याकडे कुठलीच बाई उजळायचं क्रीम लावत नाही. विचारून बघा कुणालाही. शेजारची लावते, आपण नाही.

पुढे सरकारनं त्यातल्या एका औषधावर बंदी आणली. माणसं येऊन दुकानं तपासू लागली. मी नळ्या काउंटरखाली नेल्या आणि डबीवर ठसठशीत लिहिलं, "शियाचं लोणी". तोवर अराबाच्या गालांच्या हाडांवर काजळी धरल्यासारखे निळसर काळे पट्टे आले होते. ते कशानं आले हे मला माहीत होतं. क्रीमनं काळं केलेलं क्रीमनंच उजळत बसलो आम्ही दोघी. ती मागत होती, मी देत होते. दोष तिला देऊन मोकळं व्हायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे, पण औषधवाली ती नव्हती, मी होते.

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळनंतर ओसोफो एशून तिच्या छपरात गेले. ईस्टरची उपासना टेलिव्हिजनवर दाखवणार होते. ते म्हणाले, "अराबा, ह्या वेळी खांबामागे नाही. पुढे, माझ्या शेजारी उभं राहून उचलायचं. एवढी वर्षं लोकांनी नुसतं ऐकलं, आता बघू दे." तिनं नाही म्हटलं. तीन दिवसांनी ती माझ्याकडे आली आणि बाकावर न बसता उभीच राहिली.

"मला पुढे उभं राहायचंय," ती म्हणाली. "आयुष्यात एकदा. पण ह्या तोंडानं नाही."

तिच्या भाचीनं तिला फोनवर अक्राच्या एका कातडीच्या दवाखान्याचे फोटो दाखवले होते. आधीचा गाल, नंतरचा गाल. लेझरनं करतात. "माझ्याबरोबर चल," ती म्हणाली. "ते लोक इंग्रजीत काय काय विचारतील. तुला त्यातलं कळतं."

जानेवारीच्या शेवटी आम्ही गेलो. वाळवंटाकडून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याची धूळ होती, बसमध्ये सगळ्यांचे ओठ फुटलेले. डॉक्टर टोर्नू वयानं माझ्या भाच्याएवढा. पण मुलगा सभ्य होता, घाईत नव्हता. त्यानं अराबाचा चेहरा दिव्याखाली धरून कितीतरी वेळ बघितला. मग समोर बसून म्हणाला, "आंटी, दोन रस्ते आहेत. पहिला सावकाशीचा. हलका लेझर, महिन्यातून एकदा, सहा-सात वेळा. डाग फिके होतील, खड्डे थोडे भरतील. सगळे नाही."

"आणि दुसरा?"

"दुसरा एका बैठकीचा. वरची कातडी जाळून काढायची, खालून नवी येते. खड्डे चांगले भरतात. पण आपल्या काळ्या कातडीवर तो जपून करावा लागतो. आणि ज्या तोंडाला उजळायची क्रीमं लागलीत त्यावर तर मी करतच नाही. ती कातडी पातळ झालेली असते. जाळली की भरून येत नाही. सहा महिने क्रीम पूर्ण बंद, मग बघायचं." त्यानं पेन हातात घेतलं. "तुम्ही तोंडाला काय लावता?"

"ही देते ते," अराबा म्हणाली. "हिलाच विचारा. ही आमची डॉक्टर आहे."

तो माझ्याकडे वळला. अराबानंही माझ्याकडे बघितलं. डबीत औषध आहे एवढं तिला ठाऊक होतं, कुठलं ते नाही. तिच्या नजरेत भीती नव्हती. सांगण्यासारखं असेल तर क्वान्सिमा सांगेल, एवढाच विश्वास होता.

"शियाचं लोणी," मी म्हणाले. "दुसरं काही नाही."

"नक्की? हे हाडावरचे पट्टे मला क्रीमचे वाटतात."

"ती केंके करते, डॉक्टर. वीस वर्षं चुलीपुढे, वाफेत. त्याचे आहेत ते."

खोटं शोधायला मला लांब जावं लागलं नाही. त्यानं ते लिहून घेतलं. मी तेव्हा काय विचार करत होते तेही सांगते. हा माणूस कुणाला तरी कळवेल, दुकानाला टाळं लागेल, आणि चॅपलच्या चाळीस बायकांची नावं जंक्शनभर होतील, माझ्यासकट. हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. तिच्या गालाचा विचार त्यात नव्हता.

तिच्या एका कानामागे त्यानं वाटाण्याएवढ्या जागेवर लेझर मारून बघितला. म्हणाला, "महिन्यानं या. ही जागा नीट भरली तर दुसरा रस्ता धरता येईल. न भरली तर पहिलाच. घरी जाऊन विचार करा."

परतताना मी मनाशी ठरवलं की आता हिची डबी बंद. महिनाभर साधं लोणी द्यायचं, कातडी आपोआप सुधारेल. एवढ्यानं पाप फिटतं असं मला वाटलं होतं. मी तिला सांगितलं नाही. नुसतं लोणी भरून दिलं. दहाव्या दिवशी तिचं तोंड पेटलं. लाल पुळ्या, खाज, आणि डाग पूर्वीपेक्षा काळे. वर्षानुवर्षांचं कडक औषध एकदम तोडलं की कातडी अशी उलटते.

"डॉक्टर, तुझ्या लोण्याला झालंय काय?"

"धूळ आहे बाई हवेत," मी म्हणाले. "सगळ्यांचंच झालंय."

त्या पुळ्या बघूनच तिनं ठरवलं. मी तिला सावकाशीच्या रस्त्याकडे ओढत होते, खोटं नाही सांगत. "सहा महिने लागू दे," मी म्हणत होते, "पुढच्या ईस्टरला उभी राहा." ती हंड्यातले गोळे उलटत होती. वाफेतून माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पुढच्या ईस्टरला मी मेले तर? सहा महिने हे तोंड घेऊन अक्राच्या फेऱ्या? नको. काय जळायचं ते एकदाच जळू दे."

तेव्हाही सांगता आलं असतं. छपरात आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "तुझी मर्जी," आणि दुकान उघडायला गेले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा गेलो. तोवर पुळ्या बसल्या होत्या आणि मी तिला निघताना पावडर लावायला लावली होती. दवाखान्यात ती पुसली, पण डॉक्टरचं लक्ष कानाकडे होतं. कानामागची जागा सुरेख भरली होती, बाजूच्या कातडीत ओळखूही येत नव्हती. डॉक्टर खूश झाला. अराबा तर आरसा सोडेना. कानामागचं स्वतःला दिसत नाही, म्हणून त्यानं फोनवर फोटो काढून दाखवला. ती म्हणाली, "बघ क्वान्सिमा, नवी कातडी." तिला मी एवढी आनंदात शाळेनंतर पहिल्यांदा पाहिली. आत नेण्याआधी तिनं माझ्या हातात तिचं डोकीचं फडकं दिलं. मी ते घड्या घालत बसले. आतून मांस भाजल्याचा वास आला तरी मी बसूनच राहिले.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्याच जळलेल्या कातडीतून पाणी गळतं, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. आठव्या दिवशी थांबतं, तेही सांगितलं होतं. तिचं थांबलं नाही. मी रोज सकाळी जाऊन कापूस बदलायची. बाराव्या दिवशी खपल्यांखालून नवी कातडी आली नाही, ओलं लाल मांसच राहिलं. हनुवटी आणि कपाळ भरत होतं. डबी सगळ्यात जास्त लागली होती ती गालांना, आणि गालच भरेनात. कापूस निघताना ती बाकाची कड धरायची. ओरडायची नाही.

त्या दिवशी तिनं विचारलं, "त्या डबीत नेमकं काय होतं?"

मी सांगितलं. तिन्ही नळ्यांची नावं सांगितली, बंदीचं सांगितलं, धुळीचं खोटं सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, थुंकेल. तिनं थुंकावं असं मला फार वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तुला तिथेच माहीत होतं." मी हो म्हणाले. मग तिनं उरलेला कापूस बदलून घेतला, कारण तो बदलणं भागच होतं.

दोन दिवसांनी तिला घेऊन डॉक्टरकडे गेले. त्यानं पट्टी काढून गाल दिव्याखाली बघितले. मग खाली बसून त्यानं पुन्हा तोच प्रश्न विचारला. ह्या वेळी तो माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं होतं, हे देवाला माहीत आहे. पण शब्द यायच्या आत अराबा बोलली.

"मी लावत होते. केप कोस्टच्या बाजारातून आणून, लपवून. हिला माहीत नव्हतं."

"आंटी, मग मला का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

त्यानं दोन्ही हात कपाळाला लावले. "मला सांगितलं असतं तर मी कानामागे कशाला बघितलं असतं? कानामागे कोण क्रीम लावतं? मी गालावर बघितलं असतं. गालावर वाटाण्याएवढं जळलं असतं आणि आपण तिथेच थांबलो असतो."

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. मार्चचं पान होतं, त्यावर कोको वाळत घातलेल्या बायांचं चित्र होतं. त्या चित्रातल्या बाया मी अजून मोजून सांगू शकते. पाच. मी तेव्हाही बोलले नाही.

बसमध्ये तिनं फडक्यानं तोंड झाकून घेतलं होतं. विन्नेबाच्या फाट्यावर बस थांबली, विकणाऱ्या पोरी खिडकीशी आल्या, गेल्या. मी विचारलं, "का केलंस तसं?"

"तुझ्या दुकानाला टाळं लागलं तर माझ्या तोंडाला मलम कोण लावणार?" फडक्याआडून ती म्हणाली. "जंक्शनवर दुसरा डॉक्टर आहे का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तो उराशी धरून जगले असते.

ईस्टरला कॅमेरे आले. चॅपल फुलांनी भरलं होतं, बायकांनी नवी पांढरी कापडं शिवली होती. ओसोफो एशून येशूच्या रिकाम्या थडग्यावर बोलत होते. दगड बाजूला सारलेला आहे, आत कुणी नाही, इथपर्यंत आले आणि नेहमीच्या सवयीनं थांबले. तिथे अराबानं उचललं असतं. सगळ्या बायका चौथ्या खांबाकडे बघू लागल्या. त्यांतल्या कितीतरी तोंडांवर माझं लोणी होतं. खांबामागची जागा रिकामी होती, तिथे कुणीतरी छत्री ठेवली होती. ओसोफोंनी वाट बघितली. कुणी खोकलं. मी गाणं उचलावं म्हणून श्वास घेतला, पण माझ्याकडे गाण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी पान उलटलं आणि पुढे बोलू लागले. टेलिव्हिजनवर दाखवलं तेव्हा तेवढं कापून टाकलं होतं, काही घडलंच नव्हतं असं वाटत होतं.

ह्याला दीड वर्ष झालं. अराबाच्या दोन्ही गालांवर आता जाड चकचकीत वळ आहेत, मध्ये पांढरं, कडेला काळं. असांका म्हणायची कुणाची छाती होत नाही, आणि तेच तिला जास्त लागतं. तोंड पूर्ण उघडलं की गाल ओढतो, म्हणून ती गात नाही. वाफ सोसत नाही, म्हणून हंड्याशी पोरी असतात. त्यांचा गोळा हाताला चिकटतो, आणि ड्रायव्हर पुढच्या छपराशी गाडी उभी करतात.

मी ती डबी बंद केली. त्यानं कुणाचं अडलं नाही. बायका केप कोस्टहून आणतात, आणि मला म्हणतात, डॉक्टर, तुला धंदा कळेनासा झाला. ओसोफोंना सांगावं, चॅपलमध्ये उभं राहून सांगावं, असं मनात येतं. अजून सांगितलेलं नाही. हे लिहून ठेवणं म्हणजे सांगणं नव्हे, एवढं मला कळतं.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी तिच्याकडे जाते. वळ मऊ राहावेत म्हणून मलम चोळावं लागतं. ती बाकावर बसते, फडकं सोडते, आणि मी झाकण काढलं की माझं मनगट धरते.

"ह्यात काय आहे?"

ती तिसरीतून शाळा सुटलेली नाही, माझ्याबरोबर दहावीपर्यंत शिकली. तिला वाचता येतं. तरी मी नळी उजेडात धरते आणि वरची सगळी अक्षरं वाचून दाखवते. औषधाचं नाव, प्रमाण, कारखान्याचं गाव, तारीख.

"अजून?"

"अजून काही नाही, अराबा."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. कधी थोडा वेळ, कधी बराच वेळ. मग मनगट सोडते आणि गाल पुढे करते.